दहा खरी वाक्ये

त्या वर्षी पाऊस आला तो घाईतल्या पाहुण्यासारखा: उंबऱ्याशी टेकला, पाणीही न घेता उठला आणि गेला. शेतांत काम उरले नाही, तेव्हा शेतांत राबणारे हात मिरचीच्या शेडकडे वळले. सकाळी सहापासून शेडच्या फाटकाशी बायका उभ्या राहू लागल्या, आणि इतके रिकामे हात बाहेर लोंबताना पाहून मालकाला एक विचार सुचला. मालकांना विचार सुचतात ते बहुधा अशाच वेळी.

शेडमध्ये चाळीस बायका वाळल्या मिरचीचे देठ खुडत. एका बाईचे दिवसाचे माप बारा किलो. मालक म्हणाला, ते पंधरा करू. मुकादमाने हात जोडले.

"मालक, एकोणीस वर्षं मी काटा धरतोय. चाळीसच्या चाळीस जणींचं माप रोज बारावर येऊन थांबतं. कोणाचं मूठभर जास्त नाही, कोणाचं कमी नाही. माणसाचा हात चालतोच तेवढा. घोड्याला चाबूक मारता येतो, नखाला कसा मारणार?"

मालकाला उपमा आवडली असावी. हंगाम संपेपर्यंत थांबायचे त्याने कबूल केले.

हा मुकादम बाईंचा थोरला भाऊ. आणि बाई म्हणजे त्याच वस्तीच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई. बाहेर सगळ्यांच्या त्या बाईच होत्या. घरी भाऊ 'मास्तरीणबाई' म्हणे, त्यात अर्धी थट्टा आणि अर्धा अभिमान असे. वहिनी 'वन्सं' म्हणे. त्यात काय असे, हे बाईंनी कधी तपासून पाहिले नव्हते.

घर तीन खोल्यांचे. त्यातली एक बाईंची. तिच्या दाराला जाड पडदा होता आणि आत पुस्तकांची पत्र्याची पेटी, कारण मिरचीची धूळ सगळीकडे शिरते आणि पुस्तकांच्या पानांत बसली की वर्षानुवर्षे उठत नाही. वहिनीही शेडमध्येच देठ खुडायला जाई. बाई शिकायला शहरात गेल्या त्या वर्षी ती जाऊ लागली, ती आजतागायत. परतताना ती पुढच्या दाराने येत नसे. मागून थेट न्हाणीत जाई, कपडे बदली, कोपरापर्यंत हात चोळून धुई आणि मगच घरातल्या कशाला शिवे. हा नियम बाईंनी केला नव्हता. त्यांना एकदा ठसका लागला होता, इतकेच. नियम आपोआप झाला. घरात शिकलेले माणूस असले, की पुष्कळसे नियम असे आपोआप होतात.

शाळेत लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत बाईंनी शेडमध्ये पाऊल टाकले नव्हते. शाळेच्या वाटेवर ती लागे, तेव्हा त्या नाकाला रुमाल लावून पलीकडच्या कडेने जात.

*

दहावीला त्या वर्षी एक कादंबरी नेमली होती. परक्या मुलांना झेपेल अशा बेताने सोपी केलेली, शंभर पानांत आवळलेली. तिच्यातल्या शहरात प्रत्येक मुलाने रोज संध्याकाळी आपल्या घरी जे पाहिले त्याची नोंद लिहायची आणि चौकातल्या राखाडी पेटीत टाकायची. काही दिवसांनी नोंदीतले एखादे माणूस घरातून नाहीसे होई, आणि त्या मुलाला शाळेत पहिल्या बाकावर बसवत.

बाईंना हे पुस्तक मनापासून आवडले होते. त्यांनी ते पोटतिडकीने शिकवायचे ठरवले. पोटतिडीक पहिल्याच तासाला आडवी झाली.

"बाई, त्या शहरात पाणी येतं का?" शेवटच्या बाकावरून एकाने विचारले. त्याला सगळे 'वकील' म्हणत.

"येतं. दिवसभर."

"आणि काम?"

"सगळ्यांना काम असतं. सरकार देतं."

"मग बाई, तिकडं जायची गाडी कुठून सुटते?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर खडूने राखाडी पेटी काढली. आपल्याच घरातल्या माणसाला आपण शब्दांत पकडून परक्याच्या हाती देतो, हे केवढे भयानक आहे, हे त्या अर्धा तास सांगत राहिल्या. मुलांनी ऐकून घेतले. घरात कोण काय करते हे सगळ्या वस्तीला ठाऊक असते. ते लिहायला एवढी मोठी पेटी कशाला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट होता.

धड्याच्या शेवटी स्वाध्याय होता: तुम्ही त्या शहरातले मूल आहात अशी कल्पना करा आणि आज घरी काय पाहिले ते दहा वाक्यांत लिहा.

"खरं लिहायचं का बाई, का मनाचं?"

"खरं," बाई म्हणाल्या. "खोट्याला शब्द फार लागतात. तेवढे तुमच्याकडे अजून नाहीत."

दुसऱ्या बाकावर मुंगी बसे. अंगाने लहान, पण सदा काहीतरी वाहून नेत असल्यासारखी चाले, म्हणून मुंगी. तिची आई शेडमध्ये होती, तशा निम्म्या वर्गाच्या आया शेडमध्ये होत्या. मुंगीने हात वर केला.

"बाई, हे फक्त तुम्हीच वाचणार ना?"

"मीच. दुसरं कोण वाचणार? इथं दुसऱ्या कोणाला इंग्रजी येतंय?"

मुंगीने मान हलवली आणि वहीवर वाकली. तास संपला तरी ती लिहीत होती.

*

वह्या तपासताना बाईंनी तेहेतीसपैकी बत्तीस वेळा कपाळाला हात लावला. कोणाची शेळी चांगली होती. कोणाचा बाप झोपत होता, दहाही वाक्यांत झोपत होता. वकिलाने घरच्या छपराविषयी दोन वाक्ये लिहून खाली प्रश्न केला होता, की उरलेली आठ पुढच्या आठवड्यात दिली तर चालतील का.

मग मुंगीची वही आली.

बाईंनी लाल पेन उचलले आणि खाली ठेवले. वाक्ये लहान होती, सरळ होती, आणि एकाही ठिकाणी पेन टेकवण्याजोगे काही नव्हते. पण तेवढेच नव्हते. दहावे वाक्य बाईंनी दोनदा वाचले. अकरा वर्षे एका भाषेची बी त्या या मुरमाड जमिनीत टाकत होत्या, आणि आज कोंब वर आला होता. त्यांनी वही बाजूला ठेवली नाही. पिशवीत घातली आणि घरी आणली.

संध्याकाळी तिघे जेवायला बसले. भावाने रोजची कळ काढली.

"काय मास्तरीणबाई, गाढवं शिकली का गीता?"

"गाढवं म्हणू नकोस, दादा."

"बरं, शिंगरं. अकरा वर्षं घसा कोरडा करतेस. त्यातला एक तरी कामाचं काही लिहू शकतो का? खरं सांग. मला वाईट वाटतं तुझ्यासाठी, म्हणून विचारतो."

शेवटचे वाक्य त्याने बोलायला नको होते. थट्टा बाईंना पचत असे. कीव पचत नसे. त्या उठल्या, पडद्यामागे गेल्या आणि वही घेऊन आल्या.

"ऐक. पंधरा वर्षांच्या मुलीनं लिहिलंय. मी म्हटलं होतं खरं लिहा, आणि बघ कसं लिहिलंय."

आधी त्यांनी ते इंग्रजीत वाचले. भाऊ घास चावत राहिला.

"मला काय कळणार त्यातलं? चाल बरी आहे."

तेव्हा बाईंनी मराठी केले. शब्द तोलून, वाक्यांचा साधेपणा मोडणार नाही अशा बेताने. अनुवाद उत्तम झाला. त्यांनी आयुष्यात केलेला तो सर्वांत निर्दोष अनुवाद होता.

"माझी आई पहाटे उठते. माझी आई मिरचीचे देठ खुडते. तिचे हात जलद आहेत. तिचं माप दुपारीच भरतं. मुकादम जेवायला घरी जातात, तेव्हा आई उठते. ती आपल्या ढिगातली मिरची म्हाताऱ्या आजीच्या ढिगात टाकते, कारण आजीची बोटं आता वाकत नाहीत. सगळ्या जलद बायका असंच करतात. त्या जपून मोजतात. संध्याकाळी सगळ्यांचं माप सारखं भरतं. आमच्या शेडमध्ये कोणी पहिलं नसतं, म्हणून कोणी शेवटचं नसतं."

वहिनी वाढत होती. तिच्या हातातली पळी पातेल्याच्या काठाला टेकली आणि तिथेच राहिली. बाईंना ते दिसले नाही. त्या भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. तो ऐकत होता. एवढ्या लक्षपूर्वक तो त्यांचे काही प्रथमच ऐकत होता, आणि बाईंना वाटले, साहित्याचा परिणाम होतो तो असा.

"परत वाच," तो म्हणाला. "ते मुकादम जेवायला जातात, तिथून."

बाईंनी परत वाचले. आनंदाने, सावकाश, नवशिक्याला वाचून दाखवावे तसे.

भावाने ताट सरकवले. "एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "मालकापुढे मी हात जोडले. नखाला चाबूक कसा मारणार म्हणालो. मी! आणि या रोज माझ्या पाठीमागे खेळ करतात. मी जेवायला जातो आणि या वाटणी करतात."

"दादा, ही एका मुलीची वही आहे."

"मग? पोरं खोटं लिहीत नाहीत. तूच शिकवलंस ना, खरं लिहायला?"

"तू कोणाचं नाव घेणार नाहीस."

"नाव घेऊन काय करू? मला माप हवंय." तो उठून हात धुवायला गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वहिनीने पातेल्यावर झाकण ठेवले. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. गार होतंय."

*

दुसऱ्या दिवसापासून मुकादम जेवायला घरी येईनासा झाला. डबा घेऊन जाऊ लागला आणि शेडमध्येच, काट्याशेजारी बसून जेवू लागला. त्याने जमिनीवर खडूने चाळीस चौकोन आखले. एका चौकोनात एक बाई, तिचा ढीग आणि तिचे पोते. दुपारी एकदा वजन, संध्याकाळी एकदा. हा खडू शाळेतलाच होता. बाईंच्या पिशवीत तुकडे असत, त्यातले त्याने विचारून घेतले होते, आणि कशाला हवेत हे बाईंनी विचारले नव्हते.

तीन दिवसांत खरी मापे उघडी पडली. मुंगीच्या आईचे सतरा भरले. आणखी सहा जणींचे पंधराच्या वर गेले. म्हाताऱ्या आजीचे सात. मालक स्वतः येऊन पाहून गेला, आणि मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नखं नव्हती रे, घोडी होती ती, लगाम सैल होता." सोमवारपासून माप पंधरा झाले. आजीला सांगितले, उद्यापासून येऊ नका.

घरी भावाने हे सगळे जेवताजेवता सांगितले. मग, अगदी सरळ मनाने, त्यात थट्टेचा लवलेश नव्हता, तो म्हणाला:

"आणखी काय लिहिलंय गं पोरांनी?"

बाईंचा हात ताटातच राहिला. राखाडी पेटी त्यांनी फळ्यावर काढली होती, चांगली ठसठशीत काढली होती. ती जिवंत माणसासारखी समोर बसून जेवत असेल, हे चित्र त्यांच्या कल्पनेत आले नव्हते. आणि पेटी आपोआप भरत नाही. तिच्यात टाकणारे कोणीतरी लागते.

सकाळी शाळेला जाताना त्या पलीकडच्या कडेने निघाल्या. फाटकाबाहेरच्या गर्दीत झाडाखाली आजी बसली होती. गुडघ्यांवर हात, बोटे वळलेल्या फांद्यांसारखी, एकमेकींना न मिळणारी.

"बाई, शाळेला?" आजीने हाक मारली.

बाई थांबल्या. "आजी, तुम्ही इथं कशा?"

"सवय हो. पाय आपोआप येतात. हात बसले म्हणून पाय बसतात का?" आजी हसली. "आत घेत नाहीत, पण बघायला कोण ना म्हणतंय? नातवंडांना शिकवा हो नीट. आमचं काय, आम्ही अडाणी. आम्हाला वाटलं कोणाला कळत नाही."

बाईंनी रुमाल नाकाला लावला, मग काढला, मग कुठे ठेवावा ते न कळून मुठीत दाबला.

त्या दिवशी दहावीच्या वर्गात चोवीस मुले होती. दुसऱ्या दिवशी एकोणीस. पंधराचे माप बहुतेकींना एकटीने पेलत नव्हते. मोठी मुलगी सोबत बसवली तर चौकोन एकच राही आणि हात चार होत. मालकाची त्याला हरकत नव्हती. मुंगीच्या आईचे एकटीचेच सतरा भरत होते, तरी मुंगीची जागाही पाच दिवस रिकामी होती.

बाई पुढचा धडा शिकवत होत्या. त्यात नोंद लिहिणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवतात आणि तो मागे वळून आपल्या बहिणीकडे पाहतो. वकील शेवटच्या बाकावरून उठला. आज तो मस्करी करत नव्हता.

"बाई, त्याला लिहितानाच ठाऊक होतं का, की त्याच्यामुळं घरातलं माणूस जाईल?"

"पुढच्या धड्यात येतं ते," बाई म्हणाल्या. पुढच्या धड्यात ते नव्हते. पुस्तकात कुठेच नव्हते.

*

शनिवारी शेड दुपारीच सुटे. बाई न्हाणीपाशी गेल्या तेव्हा वहिनी पायरीवर बसून दातांनी बोटावरची चिंधी सोडवायचा प्रयत्न करत होती. रक्ताने आणि तिखटाने चिंधी कातडीला चिकटली होती.

"थांब, मी सोडवते."

"नको वन्सं. तुमच्या हाताला लागेल. मग डोळ्याला लावाल, आणि रात्रभर रडाल."

बाई तरीही खाली बसल्या. तीन बोटांना चिंध्या होत्या. नखे मुळापर्यंत झिजलेली, टोके पांढरी फटफटीत आणि भेगाळलेली. एकाही भेगेशी बाईंची पूर्वी ओळख नव्हती. चिंधी सुटता सुटता त्यांच्या स्वतःच्या बोटांना आग लागली. तरी दुसरी चिंधी त्यांनी हाती घेतली.

"माझं नऊ भरतं," वहिनी म्हणाली.

"काय?"

"माप. आजीचं सात, माझं नऊ. दोन वर्षं झाली. बाकीचं मुंगीची आई टाकत होती माझ्या ढिगात."

बाईंनी सुटलेली चिंधी खाली ठेवली. "दादाला ठाऊक होतं?"

"त्यांना कसं सांगणार? मुकादमाची बायको, आणि माप दुसऱ्याचं. आता कळलंय. पहिल्याच दिवशी काट्यावर पोतं ठेवलं, काटा नवावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस जणींच्या समोर. मग मान खाली घालून खडूनं बारा लिहिलं."

"म्हणजे तुला ठेवलं."

"मला ठेवलं आणि आजीला काढलं. आता बायकांना काय वाटणार, सांगा बघू तुम्हीच. तुम्ही शिकलेल्या आहात."

उत्तर सोपे होते.

"पाण्याचं भांडं माझ्यापर्यंत येत नाही," वहिनी सांगत राहिली, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी. "आधी येतं, शेजारणीपाशी थांबतं, आणि वळसा घालून पुढं जातं. कोणी बोलत नाही. एक जण काल म्हणाली, घरात उंदीर पोसला की धान्य मोजायची गरज नसते. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

"वहिनी, तू सांग ना त्यांना, की तू नाही सांगितलंस!"

"सांगितलं. तर विचारतात, मग कोणी सांगितलं?" वहिनीने पहिल्यांदा वर पाहिले. "आता काय सांगू? वही सांगू? पोरीचं नाव सांगू? त्या पोरीला अन् तिच्या आईला मग फाटकातूनसुद्धा येऊ देणार नाहीत बायका. मालक बरा, असं म्हणायची वेळ येईल. राहू द्या. माझ्याशी नाही बोलल्या तर मरत नाही मी."

"वहिनी…"

"तुम्ही वाचत होता तेव्हा मी गप्प बसले. ओरडायला हवं होतं, पातेलं पाडायला हवं होतं. पण तुमचा चेहरा इतका उजळला होता वन्सं. अकरा वर्षांत बघितला नव्हता तसा. वाटलं, वाचू द्यावं."

तिने हात पाण्यात बुडवले आणि दात आवळले.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत बाई शेडकडे निघाल्या. काय बोलायचे ते त्यांनी घोकले होते, विद्यार्थ्याने उतारा घोकावा तसे. मुंगीचे नाव येणार नव्हते, वहीचे नाव येणार नव्हते. सगळे आपल्या अंगावर घ्यायचे होते. एक खोटे सांगायचे होते, आणि खोट्याला लागणारे शब्द त्यांच्याकडे भरपूर होते.

दारातच त्यांना ठसका लागला. साधा नव्हे, आतडी बाहेर येतील असा. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. दाराची चौकट धरून त्या वाकल्या. आतून कोणीतरी खुदकन हसले, मग आणखी कोणी.

"पहिला दिवस सगळ्यांचा असाच जातो, बाई."

"नाव नोंदवायला आल्या काय? मुकादम, एक चौकोन आखा!"

भाऊ काट्याशेजारी डबा उघडून बसला होता. तो अर्धा उठला. "अगं, तू इथं कशाला?"

बाईंनी डोळे पुसले. हळूहळू आतले दिसू लागले. पत्र्याखाली तापलेला अंधार, त्यात लाल ढीग, ढिगांमागे बायका. वहिनी एका टोकाला, तिच्या दोन्ही बाजूंचे चौकोन रिकामे. मधोमध मुंगीची आई, आणि तिला टेकून मुंगी. दोघींचे हात एकाच ढिगात चालत होते. मुंगीच्या बोटांना नव्या चिंध्या होत्या, अजून पांढऱ्या.

"मला सांगायचंय," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला. "तुम्ही वहिनीला बोल लावता. तिनं काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं. माझ्या भावाला मीच सांगितलं."

हात थांबले. देठ तुटण्याचा बारीक, सततचा आवाज बंद झाला, तेव्हाच तो चालू होता हे बाईंना कळले.

"तुम्ही?" मुंगीच्या आईने विचारले. "तुम्हाला कसं कळलं, बाई?"

"मी पाहिलं. शाळेतून येत होते, दुपारी. सहज नजर गेली. तुम्ही ढीग सारखे करत होता."

"कुठून पाहिलंत?"

"खिडकीतून."

मग कोपऱ्यातली एक जाड बाई हसू लागली, आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि हसता हसता खोकू लागली.

"खिडकी! अगं बायांनो, खिडकी कुठाय बघा गं! बाई, या शेडला खिडकी असती तर आम्ही अशा भाजून मेलो असतो का?"

बाईंनी भिंतींकडे पाहिले. चार भिंती, वरपर्यंत सपाट. दोन पंख्यांची भोके, पंखे बंद, जाळीवर लाल साय धरलेली. उजेड येत होता तो फक्त दारातून. बाई शिकायला गेल्या तेव्हापासून वहिनी इथे येत होती, आणि इथे खिडकी नाही हे त्यांना ठाऊक नव्हते.

"म्हणजे बघितलं नाही तुम्ही," जाड बाई म्हणाली. तिचे हसणे आता ओसरले होते आणि ती हिशेबाने बोलत होती. "कोणीतरी सांगितलं. तुम्ही ते दादांना सांगितलं. मुकादमीण नाही म्हणता, तर मग दुसरं कोण? शेडमधलं कोण तुमच्याशी बोलतंय? आम्ही तर नाही बोलत. शाळेतली पोरं बोलतात फक्त…"

तिचे बोलणे तिथेच रेंगाळले. एकेक मान वळू लागली. ज्यांची मुले शाळेत नव्हती त्यांची नजर ज्यांची होती त्यांच्याकडे गेली. मुंगीने हातातली मिरची सोडली नव्हती; पण तिची मान इतकी खाली गेली होती की भांगच दिसत होता. तिच्या आईने मुलीच्या मानेकडे पाहिले. मग बाईंकडे. एवढे पुरले.

"मी सांगितलं," मुंगीची आई म्हणाली.

"तू?"

"पाण्याला गेले होते, तिथं बाई भेटल्या. बोलण्याच्या भरात सुटलं तोंडातून. मोठेपणा वाटला. माझंच माप सगळ्यांत जास्त ना, ते मिरवायची हौस आली. जीभ आहे, घसरली."

बाईंनी तोंड उघडले. मुंगीची आई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, आणि त्या पाहण्यात विनंती नव्हती. वर्गात कोणी मध्ये बोलू लागले की बाई ज्या नजरेने गप्प करत, तीच ती नजर होती. बाईंनी तोंड मिटले.

"आजीला घालवलंस तू," कोणीतरी म्हणाले.

"घालवलं."

"पंधरा आणलंस आमच्या मानेवर."

"आणलं."

जाड बाई मुंगीच्या आईच्या लगतच्या चौकोनात होती. तिने आपले पोते उचलले आणि भिंतीकडे सरकवले. पलीकडची तशीच सरकली. आपापले ढीग हातांनी आत ओढून घेत बायका मागे होत गेल्या, जसे पाण्यात तेलाचा थेंब पडला की भोवतीचे पाणी सरते. मायलेकी मध्ये उरल्या.

तेव्हा वहिनी उठली. गुडघ्यांवर हात टेकून, एकेक पाय सरळ करत. आपले पोते तिने ओढत आणले. खडूच्या रेषा पुसत पोते आले, आणि मुंगीच्या आईशेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, ती बसली.

"ए, चौकोन सोडायचा नाही," मुकादम म्हणाला.

वहिनीने वर पाहिले नाही. तिने पहिली मिरची उचलली. मुकादमाच्या हातात घास होता. तो त्याने डब्यात परत ठेवला.

बाई दारात उभ्या होत्या. आत जावे तर त्यांना चौकोन नव्हता. बाहेर जावे तर पाय निघत नव्हता. शाळेची घंटा झाली. घशात जाळ होता. पायांशी काही देठ पडले होते. त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

मुंगीने मान वर केली. आवाजात राग नव्हता, वर्गात उत्तर द्यावे तसा तो स्वच्छ आणि नम्र होता.

"बाई, जरा दारातून सरा. उजेड अडतोय."

बाई सरल्या. उजेड आत गेला, आणि हात पुन्हा चालू झाले.